बाबांनी केलेली कॉलेजची चौकशी

माझ्या वडिलांना चौकशी करायची एकच पद्धत ठाऊक होती, मुलीसाठी स्थळ बघताना करतात ती. मॅट्रिकला मला गणितात आणि शास्त्रात झकास मार्क पडले, तेव्हा दोन कॉलेजांची चौकशीही त्यांनी तशीच चालवली. माणसं कशी आहेत, घरापासून किती लांब, आधी तिथे गेलेल्या मुलींचं पुढे काय झालं. मी नुसती चरफडत होते.

आम्ही तेव्हा घाटकोपरला राहत होतो. एक कॉलेज उपनगरातलंच होतं, दुपारी जेवायला घरी येता येईल असं. पण तिथे फक्त आर्ट्स. दुसरं मुंबईतलं. घाटकोपरला राहून आम्ही 'मुंबईला जातो' असंच म्हणायचो. मला सायन्सला जायचं होतं आणि ते तिथेच होतं. प्रवेश बंद व्हायची वेळ आली तरी चौकशी काही संपेना.

मुंबईच्या कॉलेजात शिकलेली एकच बाई बाबांना सापडली. मागच्या गल्लीत राहायची, बी.एस्सी. होऊन औषधांच्या कंपनीत लागली होती. काय ऐटीत चालायची! मला फार आवडायची. पण तिशी उलटूनही तिचं लग्न झालेलं नव्हतं. बाबांनी तिला काही विचारायची तसदीसुद्धा घेतली नाही. तिथे शिकून काय होतं ते दिसतंच आहे, म्हणाले, आणि त्या कॉलेजावर काट मारली.

उपनगरातल्या कॉलेजची बी.ए. आमच्या डोक्यावरच राहत होती, वरच्या मजल्यावरच्या काकूंची सून. नवरा इंजिनिअर, घरात रेडिओ, सासूचा शब्द खाली न पडू देणारी. म्हणजे बाबांच्या दृष्टीने निकाल शंभर टक्के. त्यांनी सासू-सुनेला रविवारी बोलावलं. आईने पोहे केले. चौकशी म्हटली की पोहे आलेच.

वहिनी खुर्चीच्या कडेला बसल्या, पदर सावरून, मान खाली. बाबांनी विचारलं, शिकवतात कसं? काकू म्हणाल्या, उत्तम. मुलं त्रास देतात का? छे, नावच नको, काकूच म्हणाल्या. मुली आपल्या वेगळ्या खोलीत बसतात, प्रोफेसर वर्गावर निघाले की त्यांच्या मागून जातात आणि त्यांच्या मागूनच परत येतात. बाबा खूश होऊन माना डोलवत होते. काकूंनी त्या कॉलेजचं फाटकही पाहिलेलं नव्हतं. वहिनी बशीतले पोहे चमच्याने इकडचे तिकडे करत होत्या, आणि इथे माझ्या जन्माचा निकाल लागत होता. माझं डोकंच फिरलं. आई डोळे वटारत होती तरी मी बोललेच.

"काकू, कॉलेजात तुम्ही होतात की वहिनी?"

काकूंचा चेहरा लालबुंद झाला. वाट लागली, मला वाटलं, आता आर्ट्सही नाही, सरळ घरी बसवतील. बाबा ओशाळले. माझी बाजू सावरायला म्हणून ते वहिनींकडे वळले आणि म्हणाले, बरं, तूच सांग बेटा, तुला त्या शिक्षणाचा काय उपयोग झाला? काकू लगेच म्हणाल्या की त्यांच्या मुलाला ग्रॅज्युएट बायकोच हवी होती, आणखी कसला उपयोग?

वहिनींनी बशी खाली ठेवली.

"काका, मलाही सायन्सला जायचं होतं. माझ्या वडिलांनीसुद्धा त्या कॉलेजात शिकलेल्या एका सुनेला असंच घरी बोलावलं होतं. ती म्हणाली, छान आहे. तिच्याही सासूबाई शेजारीच बसल्या होत्या."

काकू उठल्या. "चल," एवढंच म्हणाल्या. वहिनी मुकाट्याने त्यांच्या मागून गेल्या. बाबा मला ओरडतील म्हणून मी वाट बघत बसले, पण ते ओरडले नाहीत, जेवतानाही बोलले नाहीत. आईने दोनदा विषय काढून पाहिला, तर हात वर करून तिला गप्प केलं.

सकाळी दाढी करून, कोट चढवून ते दारात उभे राहिले आणि म्हणाले, साडी नेस, मुंबईला जायचंय. फॉर्मवर सही करताना त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि हळूच विचारलं, "नक्की ना गं?" मी जोरात मान हलवली.

संध्याकाळी मी तडक वर गेले. दार काकूंनी उघडलं. वहिनी आहेत का विचारलं तर म्हणाल्या, कामात आहे. आत भांडी घासल्याचा आवाज येत होता. मला इतका राग आला की त्यांच्या खांद्यावरून मी आत ओरडलेच, "वहिनी, सायन्सला मिळाला प्रवेश!"

भांडी थांबली. काकू दार लोटायला लागल्या, तेवढ्यात वहिनींचा आवाज आला, चांगला खणखणीत.

"केमिस्ट्रीचं पुस्तक घेतलंस की आधी वर आण."