बिअर म्हणजे काय दारू?

...तर एर्मेलिंदा जे बोलली ते तसंच लिही गं येइमी, सुधारू नकोस. ती म्हणाली, "ते पीत नाहीत, डॉक्टरीणबाई. खेळाडू आहेत ते."

आता तुला वाटेल, यात काय एवढं? थांब, एवेलियोपासून सांगते.

तिचा नवरा एवेलियो कोळशाच्या खाणीतला माणूस. हाताचे पंजे फावड्याएवढे. खाणीतून वर आला की तोंडावर पाणी मारायचा आणि घरी न येता थेट तेहो खेळायला मैदानावर. लांबून लोखंडी चकती फेकायची, समोरच्या ओल्या मातीत कडं, कड्यावर बारुदाच्या पुड्या. एवेलियोनं फेकली की पुडी फुटलीच, ठो! अख्ख्या डोंगराला कळायचं एवेलियो आला म्हणून. आणि पायाशी बिअरचा क्रेट. क्रेट ठेवल्याशिवाय आपल्यात डाव सुरू होतो का कधी? हरेल त्यानं पाजायची. तिला दारू कोण म्हणतं? दारू म्हणजे ती उसाची, जी पिऊन माणूस बायकोला बडवतो. एवेलियोनं कधी आवाजसुद्धा चढवला नाही. आधी शनिवारी, मग खाण सुटली की रोज, आणि पुढे पुढे सकाळी उठल्यावरही एक. "हात बसतो गं," म्हणायचा. एर्मेलिंदाच झाकण काढून द्यायची, भाकरीबरोबर.

एकच सल होता त्याला, जावई. जावई सायकलच्या शर्यतीतला, त्या लोकांसारखे पाय भादरलेला, घाट चढून यायचा आणि जेवताना सगळ्यांसमोर म्हणायचा, "सासरेबुवा, ज्यात पोट सुटतं तो कसला खेळ?"

"आणि बाप्यानं पाय भादरायचे तो खेळ?" एवेलियो म्हणायचा. सगळे हसायचे. पण लेक हसायची नाही, खाली मान घालून बटाटे सोलत बसायची. लेकीला आपली लाज वाटते, हे त्या माणसाला आतून खात होतं.

त्या वर्षी आपल्या प्रांताचा संघ निवडायला शहरातून एक सर आले. गळ्यात शिट्टी. क्रेट बघून म्हणाले, "हे आधी उचला. हा खेळ आहे की जत्रा? खेळाडू पाणी पितो."

"पाणी?" एवेलियोचा खेळातला जोडीदार अनानियास ओरडला. "त्यात बेडूक राहतात, सर!"

"खेळ म्हटला की घाम आला पाहिजे."

"येतो की! बाटलीला."

सगळं मैदान खिदळलं. एवेलियो तेवढा हसला नाही. घरी येऊन बायकोला म्हणाला, "अगं, संघाचा शर्ट मिळतो. पाठीवर नाव असतं. तो घालून लेकीच्या दारात जाईन."

आणि त्याच दिवशी बाटली बंद. एकदम. कोरडी ठाक.

दुसऱ्या दिवशी हात थरथरायला लागले. रस्सा चमच्यात राहीना. अंगावर जाड घोंगडी आणि खाली घामाच्या धारा. एर्मेलिंदा म्हणाली, "अहो, एक घ्या ना हात बसायला." तर म्हणाला, "खेळाडू घेत नाही." भिंतीवर मुंग्या दिसतात म्हणाला, तिला एकही दिसेना. तिला वाटलं, निवडीची धास्ती घेतली असेल.

निवडीला लेक आली होती, जावईही. एवेलियोनं चकती उचलली, हात मागे नेला, आणि चकती त्याच्याच पायाशी पडली. मागोमाग तो. डोळे पांढरे, तोंडाला फेस, टाचा मातीत घासताहेत.

दवाखान्यात डॉक्टरीणबाई समुद्राकडची, नवीन आलेली. तिनं पहिलं हेच विचारलं, "दारू पितात का?" तेव्हा एर्मेलिंदा ते बोलली. खोटं नाही बोलली गं. मान वर करून बोलली, लेकीला ऐकू जावं म्हणून. डॉक्टरीणबाईंनी मग डोक्याला मार लागलाय का ते बघितलं, मिरगीचं औषध चालू केलं. दुसरा झटका आला, तिसरा आला. दिवस मावळायच्या आत एवेलियो गेला.

मातीला डॉक्टरीणबाई आल्या. मित्रांनी कबरीशी क्रेट आणून ठेवला होता.

"हे काय?"

"त्याचा रोजचा वाटा, बाई," अनानियास म्हणाला.

"रोजचा? आणि सोडली कधी?" ऐकलं आणि ती बाई तिथेच क्रेटवर बसली. "अशी एकदम तोडायची नसते हो. मला सांगितलं असतंत, तर औषध होतं."

एर्मेलिंदा म्हणाली, "तुम्ही दारूचं विचारलंत. बिअरचं कुठे विचारलंत?"

सरांनी शर्ट पाठवला, नाव घातलेला. लेकीनं तो शवपेटीवर घातला. जावयानं त्याच्या बाह्या सारख्या केल्या.

आता परत निवड आलीय, आणि अनानियासनं सोमवारपासून बाटली बंद केलीय म्हणे. एर्मेलिंदाला त्या दारात जाववत नाही, ती म्हणाली तूच निरोप धाड. तर जा बाळ, हा कागद अनानियासच्या बायकोला वाचून दाखव, तिलाही माझ्यासारखंच वाचता येत नाही. तिला सांग, हात थरथरत असतील तर त्याला आजच डॉक्टरीणबाईंकडे ने. आणि त्यांनी दारूचं विचारलं की बिअर सांग. रोजची, सकाळचीसुद्धा.