फाडण्याच्या कामावर रफूवाली

सिनेमातला गरीब ओळखणं सोपं असतं. त्याचा शर्ट खांद्यावर फाटलेला असतो. खऱ्या गरिबाचा शर्ट कोपरावर विरतो, काखेत उसवतो, कॉलरला झिजतो. पण काख पडद्यावर दाखवायची कशी? म्हणून खांदा. वीस वर्षं मी चित्रपटांच्या ड्रेस खात्यात आहे आणि माझ्या हातून शेकडो खांदे फाटले आहेत. त्याचं मला कधी काही वाटलं नव्हतं. वाटायला लावलं ते मावशीनं.

मावशी म्हणजे आमच्या मजल्यावर, जिन्यालगतच्या खोलीत राहणारी रफूवाली. नात्याची नव्हे, हक्काची. नवरा लवकर गेला, तेव्हापासून चाळीस वर्षं ती एका लाँड्रीच्या खिडकीत बसून रफू करायची. मुलगा त्या खिडकीपाशीच वाढला, शिकला आणि शिकल्यावर खिडकीपासून होता होईल तेवढा लांब राहायला गेला. बाहेरचा धागा ती वापरायची नाही. त्याच कपड्याच्या आतल्या शिवणीतून धागा ओढायची आणि भिंगाखाली उभा-आडवा असा विणायची, की भोक कुठे होतं ते मालकालाही सांगता येऊ नये. एकदा एक गिऱ्हाईक "रफू केलंच नाही तुम्ही" म्हणून भांडायला आलं होतं. ते भांडण ती आयुष्यभर कौतुकानं सांगत आली.

मग लाँड्री बंद पडली. लोक हल्ली फाटलं की फेकतात. मुलगा म्हणाला, "आई, खोली सोड, आमच्याकडे ये." सुनेनं धुण्याच्या मशीनशेजारी पलंग मांडून ठेवला होता. मावशी तो बघून आली आणि मला म्हणाली, "जागा बरी आहे. मशीनला सोबत होईल." दुसऱ्याच दिवशी मी तिला शूटिंगवर नेलं. पहिला महिना नीट गेला तर कायमची ठेवू, असं आमच्या खात्याचा मुख्य म्हणाला. मावशीची खोली राहते की जाते, हे आता त्या एका महिन्यावर होतं.

चित्रपट एका उपाशी बापाचा होता. बापाचं काम करणारा नायक रोज सकाळी दोन तास वजनं उचलून यायचा. त्या उपाशी माणसाचे दंड बाहीत मावत नव्हते. दिग्दर्शकसाहेब मोठे अभ्यासू. गरिबी समजावी म्हणून ते एका वस्तीत आठवडाभर राहून आले होते, पिण्याचं पाणी बरोबर घेऊन. त्यांची स्वतःची पँट दोन्ही गुडघ्यांवर फाटलेली. मावशी पहिल्याच दिवशी मायेनं म्हणाली, "साहेब, जेवणाच्या सुट्टीत काढून द्या, संध्याकाळपर्यंत कळणारसुद्धा नाही." मी तिला घाईघाईनं बाजूला घेतलं आणि सांगितलं, की त्यांनी ती फाटकीच विकत घेतली आहे.

"फाटकी? आणि दुकानदाराला काही बोलले नाहीत?"

नवे शर्ट चहाच्या पाण्यात उकळायचे, कॉलर किसणीवर घासायची आणि मग फाडायचं, असं आमचं काम. उकळणं-घासणं मावशीनं निमूट केलं. नायकाच्या शर्टाचा खांदा मात्र मलाच फाडावा लागला.

"कशात अडकला हा?" तिनं विचारलं.

"कशात नाही."

"मग फाटला कसा?"

"गरीब आहे म्हणून."

"गरीब आहे, पण हात शाबूत आहेत ना? घरात सुई नाही?"

मी हसण्यावारी नेलं. त्या दिवशी शाळेचं दृश्य होतं. बाप मुलीला घेऊन जातो आणि तिला दाखल करून घ्या म्हणून मुख्याध्यापकांच्या विनवण्या करतो. अर्धं दृश्य झालं, अर्धं दुसऱ्या दिवसावर गेलं. संध्याकाळी कपडे घडी करून ठेवायचं काम मावशीचं.

दुसऱ्या दिवशी सकाळभर चित्रण सुरळीत झालं. जेवणानंतर, कालचे आणि आजचे फोटो जुळवून बघणारी मुलगी एकदम पांढरी पडली. काल बापाचा खांदा उघडा होता, आज धडधाकट. सगळे शर्टाभोवती जमले. साहेबांनी तो उजेडात धरला, उलटा केला, पण फाटलं होतं कुठे तेच सापडेना. सकाळभर कॅमेऱ्यातून त्याच खांद्याकडे बघत बसलेल्या माणसाला ते आता सापडणार होतं! मला मात्र न बघताच कळलं.

मावशी आपणहून पुढे आली. "मी शिवला."

"का?"

"त्याला पोरीच्या शाळेत जायचं होतं. वर्गातली मुलं बघतात, साहेब. बाप स्वतः फाटका राहील, पण पोरीबरोबर तसा जाणार नाही. वाकडे का होईनात, दोन टाके घालेल. मी मुलाच्या शाळेत जायचे तेव्हा..."

साहेब आवाज न चढवता बोलले. "बाई, तुम्हाला गरिबी कळलेली नाही. खांदा दिसला नाही तर लोकांना दुःख कळणार कसं?"

उंटावरून शेळ्या हाकणं यालाच म्हणतात. आणि मी? मी मूग गिळून उभा होतो. मुख्यानं मावशीच्या हातात कात्री दिली. "आत्ता फाडा, झालं गेलं विसरू." मी मनात म्हणत होतो, फाड मावशी, एकदा हात चालव, खोली वाचेल. तिनं शर्टाची घडी घातली आणि कात्री त्यावर ठेवली.

"एवढं माझ्याच्यानं होणार नाही."

मुख्यानं कात्री माझ्यापुढे धरली. मी फाडला. नेमकी जागा आठवेना, सकाळचं सगळं पुन्हा घ्यायचं होतं, ऊन उतरायला लागलं होतं आणि फोटो बघायला कोणाला सवड नव्हती. मावशी तिचं भिंग पिशवीत टाकून निघून गेली. महिनाअखेरीला जिन्यालगतची खोली रिकामी झाली.

चित्रपट धो धो चालला. 'गरिबीचं अस्सल दर्शन' असं छापून आलं, साहेबांना बक्षीस मिळालं. शाळेच्या दृश्यात बापाचा शर्ट एकदा वर फाटलेला दिसतो, एकदा खाली. सभागृहांतून हजारो माणसं त्या खांद्यासाठी रडली आणि हे एकाच्याही लक्षात आलं नाही. ज्या चुकीपायी मावशीचं काम गेलं, तीच चूक मी करून ठेवली होती आणि तिला टाळ्या पडत होत्या. लाज वाटली, पण नोकरी सोडण्याएवढी नाही.

पुढे मी तिला भेटायला मुलाकडे गेलो. ती पलंगावर पाय जवळ घेऊन बसली होती.

"सिनेमा बघितला," ती म्हणाली. "सून घेऊन गेली होती. शाळेच्या वेळी फार रडली बिचारी, त्या बापासाठी."

मी पलंगाच्या कडेला उभाच होतो.

"दोन बोटं खाली फाडलंस तू."

"हो."

"तुझं काम राहिलं ना पण?"

"राहिलं, मावशी."

"मग झालं तर," ती म्हणाली आणि मला बसायला जागा करून द्यायला भिंतीकडे सरकली.