बाबांच्या वाटचे संवाद

भूतबित दिसायला माणसाला फुरसत लागते. ती आमच्या घरात कोणालाच नव्हती.

पवनी तालुक्यातलं आसगाव. कवेलूंच्या छपराचं दोन खोल्यांचं घर, त्यातली अर्धी खोली बाबांच्या सामानाने भरलेली — प्रोजेक्टर, रिळांचे डबे, गुंडाळलेला पडदा, काळी ताडपत्री. स्वतःचं शेत नाही. माय पावसाळाभर लोकांच्या बांध्यांत वाकून धानाची रोपं लावायची, रोवणा करायची. संध्याकाळी घरी आली की सरळ उभं राहायला तिला भिंत धरावी लागायची. मी त्या डब्यांवर वही ठेवून अभ्यास केला. घराण्यातली पहिली ग्रॅज्युएट मी, इंग्रजीत एम.ए. झालेली पण मीच, आणि आता भंडाऱ्याला एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते. हे मिरवायला सांगत नाही... खरं तर मिरवायलाच सांगते, कमावलंय ते. पण मुद्दा असा की अंगात येणं, मेलेला माणूस येऊन सांगून जाणं — असलं बोलणाऱ्यांना मी तोंडावर खोटं पाडलेलं आहे. या सदरातले अनुभव वाचूनही मी हसलेली आहे. म्हणून हे लिहिताना मला राग येतोय. पहिला स्वतःचाच.

दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई, म्हणजे जत्राच, भरते. रात्री नाटक असतं, आणि झाडीपट्टीत नाटक सोडून सिनेमाला कोण येणार? म्हणून बाबा दुपारचे शो लावत. काळ्या ताडपत्रीचा तंबू, आत एका बाजूला बाया, दुसऱ्या बाजूला माणसं. बाबांचं लग्न व्हायच्या आधीची गोष्ट. नागपूरच्या एका भंगारवाल्याकडून त्यांनी रिळांचे डबे आणले. डब्यावर देवाच्या सिनेमाची चिठ्ठी होती. बाबांनी लाऊडस्पीकरवरून गावभर पुकारा केला. लोक नारळ घेऊन आले, चपला तंबूच्या बाहेर काढल्या, हात जोडून बसले. आणि पडद्यावर कोण, तर आगगाडीच्या डब्यात एक गोरी बाई एका चष्मेवाल्या माणसाशी इंग्रजीत कडाकडा भांडत होती.

तंबू जाळलाच असता लोकांनी. बाबांनी सिनेमाचा आवाज बंद केला, माईक ओढला आणि त्या माणसाचं बोलणं स्वतःच आमच्या बोलीत बोलायला लागले. बाईचंही तेच बोलले, बारीक आवाज काढून. तर बायांच्या बाजूने एक पोरगी उभी राहिली. म्हणाली, "बाई अशी मेंगळट बोलते का गा? थांब, मी बोलतो तिचं." आणि बोलली. लोक नारळ विसरून पोट धरून हसले.

ती पोरगी म्हणजे माझी माय.

पुढे लग्न झालं, आणि दरवर्षी प्रत्येक मंडईत तोच सिनेमा लागत राहिला. लोक दुसरा मागतच नसत. पहिलं रीळ डब्यात नव्हतंच, त्यामुळे सिनेमाचं नाव आम्हाला कधी कळलं नाही. गोष्ट सोपी. ती बाई त्या माणसाचा चष्मा आपल्या पर्समध्ये लपवते. त्याला चष्म्याशिवाय दिसत नाही, म्हणून तिच्याशी भांडायलाही तिचाच हात धरून चालावं लागतं. तो कोट टांगायच्या खुंटाळ्याला वाकून नमस्कार करतो, भलत्याच नवरीला अंगठी घालायला निघतो. बाबा माईकवर, माय बायांमध्ये बसून. एक वाक्य संपायच्या आत दुसऱ्याचं सुरू.

एम.ए.ला या जातीच्या जुन्या कॉमेडींवर एक प्रकरण होतं. पुस्तकात त्यांच्या लोकप्रियतेची बरीच कारणं दिली होती. मी वाचलं आणि मिटून ठेवलं. मला कारण माहीत होतं. आमच्या गावात बाईने उलट उत्तर दिलं तर तिच्या माहेरापर्यंत बोभाटा होतो. त्या पडद्यावर उलट उत्तर देणं हाच लळा होता. जो ऐकून घेतो आणि परत देतो, तोच तिचा माणूस. घरात माय बाबांना 'तुमी' म्हणायची, सगळ्या बाया म्हणतात तसं. तंबूत मात्र ती त्यांना 'तू' म्हणायची, दोन-तीनशे लोकांसमोर, आणि लोक टाळ्या वाजवायचे. रोवण्याला आलेल्या बाया वाकल्या वाकल्या तिची वाक्यं एकमेकींना मारायच्या. हे कुठल्या पुस्तकात आहे?

मग दोन वर्षांपूर्वी बाबांनी तो प्रोजेक्टर, रिळांसकट, जुन्या वस्तू जमवणाऱ्या कोणाला तरी देऊन टाकला. मायला न विचारता. लोकांच्या हातात मोबाईल आहे, तंबूत कोण येतं आता, असं त्यांचं म्हणणं. माय एवढंच म्हणाली, "माहा आवाज होता त्याच्यात. तुमच्या एकट्याचा होता का?" आणि अबोला धरला.

मी सुट्टीत घरीच होते तेव्हा. अबोल्याच्या अकराव्या दिवशी सकाळी माय पाठ करून तांदूळ निवडत होती. बाबा पवनीच्या बाजाराला निघाले होते. दारात थांबले आणि म्हणाले, "आता बोलतेस का जाऊ मी?"

हे वाक्य सिनेमातलं आहे. शेवटी शेवटी ती बाई रुसून गप्प बसते, तो बराच वेळ एकटाच बोलतो, आणि दारात टोपी हातात घेऊन हे विचारतो. त्यावर मायचं उत्तर ठरलेलं. तंबूतलं शेंबडं पोरही ते मायच्या आधी ओरडायचं. मला वाटलं, झालं, मिटलं भांडण. मी हसलेसुद्धा.

माय बोलली नाही. बाबा जरा थांबले आणि गेले. पवनीच्या स्टँडवर बाकावर बसले ते उठलेच नाहीत.

याचा राग कोणावर काढायचा सांगा. मी बाबांवर काढला. खरं भांडण होतं, तर खऱ्या तोंडाने बोलायचं होतं ना. सिनेमातलं वाक्य कशाला? पण माझ्यापेक्षा तरबेज लोक होते. तेराव्याला माझी आत्या, बाबांची मोठी बहीण, भरल्या मांडवात म्हणाली, "माह्या भावाले हिच्या अबोल्यानं मारलं." एकाही माणसाने तिला गप्प केलं नाही. मीही नाही. ताट वाढत राहिले. एम.ए. झालेली बाई, ताट वाढत राहिले.

त्या दिवसापासून माय हो आणि नाही, एवढंच बोलायची. तेही विचारलं तर. वर्ष गेलं, दुसरं गेलं. अंगावरचं लुगडं ढिलं व्हायला लागलं. मी तिला भंडाऱ्याला माझ्या खोलीवर आणलं, घशाच्या डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, घसा चांगला आहे, बोलत नाहीत ते त्यांच्या मनावर आहे. माझ्या लक्षात आलं की ही अशीच गप्प राहून एक दिवस जाणार, आणि आत्याचं म्हणणं खरं मानूनच जाणार.

तो सिनेमा मी कॉलेजला असल्यापासून इंटरनेटवर शोधत होते. चष्मा, आगगाडी, पर्स असं काय काय टाइप करून. याच हिवाळ्यात सापडला, जुन्या सिनेमांच्या एका फुकट साइटवर. कॉलेजच्या फिल्म क्लबमध्ये रविवारी दुपारी तीनला लावायचं ठरवलं. आमच्या डिपार्टमेंटचे एक सर म्हणाले, मॅडम, या सिनेमांची सगळी मजा शाब्दिक आहे, खेड्यातल्या मुलांना ती झेपत नाही. ते हे दरवर्षी म्हणतात, प्रत्येक पुस्तकाबद्दल. त्यांना हे माहीत नाही की हाच सिनेमा खेड्यातल्या माणसांनी पंचवीस-तीस वर्षं झेलला.

खोलीवर एकटी कशी ठेवू म्हणून मायला सोबत नेलं. काय लावणार ते सांगितलं नाही.

साठेक मुलं. माय पहिल्या बाकावर, डोक्यावर पदर. मी सगळ्यात मागे, भिंतीपासून थोडी पुढे, लॅपटॉपपाशी. माझ्यामागे फक्त भिंत, दार पुढच्या बाजूला. तंबूत सुरू व्हायचा तिथूनच, आगगाडीपासून, सिनेमा सुरू केला आणि स्पीकर मेला. चित्र चालू, आवाज नाही. वायर काढून लावली, काही नाही. सर उठून म्हणाले, आता बंदच करा, बिनआवाजाचं काय कळणार आहे यांना. माझ्या तोंडात चांगलं झणझणीत उत्तर आलं होतं.

तेवढ्यात पुढून आवाज आला, "ए आंधळ्या, माह्या पायावर काहून बसलास?"

माय. पडद्यावर तो चष्मेवाला डब्यात त्या बाईच्या पायावर बसला होता. मुलं हसली. मी मोबाईल काढून रेकॉर्डिंग चालू केलं. एवढं बरं सुचलं.

माय बोलत गेली. तिचं वाक्य, मग मध्ये जागा — बाबांच्या वाक्याएवढी जागा — मग तिचं पुढचं वाक्य. पहिल्यांदा मला वाटलं मुलं तिच्या बोलण्याला हसतायत. मग पाहिलं तर ती त्या रिकाम्या जागांमध्येसुद्धा हसत होती. बरोब्बर जिथे तंबूत हसायचे तिथे. दोन-तीन मुलींनी वळून माझ्या बाजूला पाहिलं, माझ्या थोडं मागे, आणि हसत परत पडद्याकडे वळल्या. खुंटाळ्याला नमस्कार करायचा प्रसंग आला. मायचं तिथे वाक्यच नाही, बाबांचं एकट्याचं आहे. ती गप्प होती. आणि साठ मुलं बाक बडवत हसली.

मला काहीही ऐकू येत नव्हतं. फक्त लॅपटॉपचा पंखा.

मग रुसव्याचं रीळ. बाई गप्प, माय गप्प. मुलं मधून मधून हसायची, मग हळूहळू शांत होत गेली. पडद्यावर तो दारात उभा राहिला, हातात टोपी. त्याचे ओठ हलले.

माय उठून उभी राहिली. पडद्याकडे नाही पाहिलं तिने. मागे वळली, माझ्याकडे तोंड करून, पण माझ्याकडेही नाही. म्हणाली, "जाशील कुठं? चष्मा माह्याजवळ हाय."

मुलांनी टाळ्या वाजवल्या. ती बसली नाही. पुढचं सिनेमात नव्हतं, तंबूतही कधी नव्हतं. "अन् मशीन मले न पुसता देल्ली, त्याचा राग अजूनही हाय मले. मेलास म्हून माफ नाई केलं."

मग रेकॉर्डिंगमध्ये शांतता आहे. बरीच लांब. आणि मग एकटी माय हसते.

शो संपल्यावर लाखनीची एक विद्यार्थिनी माझ्याकडे आली. म्हणाली, मॅडम, तुमच्या मागून बोलत होते ते काका कुठे गेले? भारी बोलले. त्या खुंटाळ्याला म्हणतात, 'राम राम पाटील, लय वाळले गा तुमी.' आणि पुन्हा हसायला लागली.

हे वाक्य बाबांचं आहे. मी ते कॉलेजात कोणाला सांगितलेलं नाही. इंग्रजी सिनेमात पाटील नाही. मी त्या दुपारी पंधरा-वीस मुलांना वेगवेगळं विचारलं, सगळ्यांनी हेच सांगितलं. माईकमधून आल्यासारखा आवाज, थोडा खरखरीत. फक्त मायच्या शेवटच्या बोलण्यावर काय उत्तर आलं ते कोणालाच सांगता आलं नाही. तिथे कोणी काही ऐकलं नव्हतं. सर म्हणाले, ग्रुप सजेशन असतं मॅडम, आजी बोलल्या, मुलांनी बाकीचं मनात भरलं. मी विचारलं, पंधरा-वीस जणांनी मनात एकच पाटील भरला? स्वतः त्यांनी काय ऐकलं विचारलं, तर चहा प्यायला निघून गेले.

रेकॉर्डिंग मी इतक्यांदा ऐकलंय की पाठ झालंय. मायची वाक्यं, रिकाम्या जागा, हसणं. पुरुषाचा आवाज एकदाही नाही.

माझा राग इथेच आहे, आणि तो जात नाही. लाखनीच्या पोरीला ऐकू आला. तुमसरच्या, साकोलीच्या पोरांना ऐकू आला. ज्यांनी बाबांना कधी पाहिलं नाही त्यांना. माझ्या पाठीमागे हातभर अंतरावर उभं राहून माझा बाप बोलला, आणि मला, त्याच्या डब्यांवर वही ठेवून शिकलेल्या पोरीला, पंख्याचा आवाज. का? मी विश्वास ठेवत नव्हते म्हणून? त्या तेराव्याला ताट वाढत राहिले म्हणून? की त्यात माझं काही वाक्यच नव्हतं म्हणून?

खोलीवर येताना ऑटोत मी मायला विचारलं, तुला ऐकू आलं का?

ती म्हणाली, "हे कायले पुसतेस वं? मी उत्तर कोनाले देऊन राहिली होती मंग?"

शेवटी ते काय म्हणाले, तेही विचारलं. "ते माहं हाय," म्हणाली, आणि ऑटोवाल्याला गाडी खड्ड्यात घातली म्हणून रागवायला लागली.

कोणाकडे याचं स्पष्टीकरण असेल तर कळवा. मनाचे खेळ एवढं दोन शब्दांत लिहून पाठवू नका, ते मी सरांकडून ऐकलंय. मी बसून सगळे मार्ग तपासलेत, माझ्याकडे काहीही नाही.

दुसऱ्या दिवशी आत्याचा फोन आला, तब्येत विचारायला. मायने माझ्या हातातून फोन घेतला आणि तेराव्याच्या मांडवातलं ते वाक्य तिला जसंच्या तसं परत ऐकवलं. मग म्हणाली, "आता माहं आयक." अर्धा तास बोलत होती. मी दारात उभी राहून ऐकलं, सगळं ऐकू आलं.

माझी माय दोन वर्षांनी बोलायला लागली. ती अजून बोलते आहे.