एकाच पत्त्यावरच्या दोन मुली

मी शाळेत कॉम्प्युटर शिकवते. त्यामुळे जुळे सोलापुरातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये कुणाचं नेट बंद पडलं की आधी माझी बेल वाजते, कंपनीला फोन नंतर जातो. मला ते आवडतं, खोटं कशाला बोलू! येतं मला, म्हणून येतात लोक.

समोरच्या फ्लॅटमध्ये भाड्याने एक कुटुंब आलं. नवरा टॉवेलच्या कारखान्यात, घरात तेलुगू, दाराबाहेर आपल्यासारखंच मराठी. बाईंनी पहिल्याच आठवड्यात वाटीभर शेंगाची चटणी पाठवली. आता वाटी काही रिकामी परत करत नाहीत, आणि त्या दिवशी माझ्या घरात द्यायला धड काही नव्हतं. मी वाय-फायचा पासवर्ड चिठ्ठीवर लिहिला, वाटीत ठेवला आणि दिली पाठवून. त्यांची मुलगी आणि माझी मुलगी दोघी दहावीला. एका नेटवर दोघींचा अभ्यास झाला तर माझं काय झिजणार होतं?

दहावी झाली. शहरातल्या एका क्लासने मेडिकलच्या तयारीसाठी काही मोफत जागा ठेवल्या होत्या. एरवी क्लासची फी भरायची ऐपत ना शेजाऱ्यांची, ना आमची. जागा मिळाली तर डॉक्टरकी, नाही तर तो विषय तिथंच मिटला, हे दोन्ही घरांत सगळ्यांना माहीत होतं. परीक्षा ऑनलाइन, घरूनच द्यायची. दोघींनी आपापल्या घरात बसून दिली. माझी लॅपटॉपवर, ती आईच्या मोबाईलवर.

आठवड्याने क्लासमधून फोन आला. दोघींचे पेपर रद्द! का, तर दोन्ही पेपर इंटरनेटवरच्या एकाच पत्त्यावरून, एकाच आयपीवरून आले, म्हणजे पोरींनी शेजारी बसून कॉपी केली. माझं डोकंच सणकलं. स्कूटी काढली आणि थेट क्लासच्या ऑफिसात जाऊन सरांच्या पुढ्यात बसले.

"सर, तुमच्या बिल्डिंगला गेट किती?"

"एक."

"आणि फ्लॅट?"

"सोळा. पण मॅडम, त्याचा इथं काय संबंध?"

"संबंध हाच की! बाहेरच्याला एकच पत्ता दिसतो, गेटचा. कुरिअरवाला तिथवर येतो. आत कुठलं पार्सल कुणाच्या दारात, ते तुमचा वॉचमन बघतो. आमचा राउटर म्हणजे तो वॉचमन. तो आतल्या प्रत्येक मोबाईलला, लॅपटॉपला वेगळा नंबर देतो. पण तो नंबर आतल्या आत. बाहेर जाताना सगळे एकाच पत्त्याने जातात. तुम्हाला गेट दिसलं आणि तुम्ही म्हणता, सगळे एकाच खोलीत राहतात!"

मी राउटरच्या सेटिंगमधल्या यादीचा फोटो मोबाईलवर काढून नेला होता. दोन्ही नंबर एकशे ब्याण्णवने सुरू होणारे; लॅपटॉपच्या शेवटी चार, शेजारच्या मोबाईलच्या शेवटी सात. मीच ठरवून दिलेले नंबर. सर म्हणाले, "मग हे एकशे ब्याण्णववालं इथं आमच्याकडे का नाही दिसत?" मी म्हटलं, "दिसणारच नाही. आणि दिसून उपयोग काय? तुमच्या घरच्या राउटरमध्येही असाच चार नंबर कुणाला तरी दिलेला असेल. सोलापुरात चार नंबरचे फ्लॅट काय कमी आहेत?"

सर हसले. त्यांना पटलं. लई बरं वाटलं मला. मग ते म्हणाले, "ठीक आहे मॅडम. कनेक्शन तुमच्या नावावर, म्हणजे तुमच्या मुलीचा पेपर खरा. तिला घेतो. तशीही शेवटची एकच जागा राहिलीय. शेजारचीचा रद्दच ठेवू, दुसऱ्याच्या नेटवर बसली ती."

एवढं ऐकून उठायचं होतं. आभार मानायचे, पेढे घ्यायचे आणि घरी जायचं. माझे हात पर्सकडे गेलेसुद्धा. पण मला चुकीचं उत्तर चालत नाही. वर्गात नाही चालत, इथं कसं चालावं?

"अहो, आत्ताच काय सांगितलं मी? नेट माझं असलं म्हणून पेपर माझा होत नाही! दोघींचे पेपर समोर ठेवा. कॉपी केली असेल तर चुकासुद्धा सारख्याच असतील."

त्यांनी कुरकुरत दोन्ही पेपर स्क्रीनवर उघडले. माझी भौतिकशास्त्रात घसरली होती. शेजारची जीवशास्त्रात दोन ठिकाणी चुकली होती, आणि ते दोन्ही प्रश्न माझ्या मुलीने बरोबर सोडवले होते. कॉपीचा प्रश्न मिटला. सरांनी दोन्ही पेपर वैध केले, गुणांची यादी लावली आणि माझ्याकडे बघायचं टाळलं. शेजारची पुढे होती. जागा तिला गेली.

समोरचं दार मीच वाजवलं, मीच सांगितलं. त्या बाईंनी माझे हात धरले आणि तेलुगूत भडाभडा काय बोलल्या देव जाणे. मग माझ्या घरात आले.

मुलीला सगळं सांगितलं, काही लपवलं नाही.

"म्हणजे ते मला घेत होते?"

"हो."

"आणि तू बोलत राहिलीस."

"चूक होतं गं ते. तिने काय केलं होतं?"

"मला कळतंय ते, आई. पण तू तिथं मॅडम म्हणून गेली होतीस की माझी आई म्हणून?"

"दोन्ही," मी म्हणाले.

"मग आईचं राहून गेलं."

पुन्हा त्या खुर्चीत बसवलं तर मी पुन्हा तेच बोलेन, याबद्दल माझ्या मनात तीळभर शंका नाही. पण त्या संध्याकाळी मी तिला जवळ घ्यायला गेले तेव्हा तिने माझा हात बाजूला केला, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं, आपण चुकीचं उत्तर दिलं असतं तर बरं झालं असतं.