नाबाद धरून

अमेरिकन फुटबॉल बाबा शिकले ते निवृत्तीनंतर, इंग्लंडात वॉटफर्डला माझ्या घरी, आणि तेही क्रिकेटच्याच चष्म्यातून. आई गेल्यावर ते माझ्याकडे राहायला आले होते. जन्मभर इथल्या हॉस्पिटलात भूल देण्याचं काम केलेलं. समोरचा माणूस कायम झोपलेला, त्यामुळे गप्पांची सवय नाही. रविवारी संध्याकाळी सामना लागला, की मात्र तोंड उघडायचं.

आमच्या आवडत्या संघात दोन रनिंग बॅक होते. चेंडू छातीशी धरायचा आणि समोरच्या धिप्पाड माणसांत घुसायचं, हे त्यांचं काम. एक तरुण, सुसाट. दुसऱ्याने तिशी ओलांडलेली, म्हणजे त्या खेळात म्हाताराच. खेपेला जेमतेम दोन-तीन यार्ड काढायचा. मी कौन्सिलमध्ये आकडेमोडच करते, म्हणून सरासरी मी सांगायची: एकूण यार्ड भागिले खेपा. बाबांचं उत्तर दर वेळी वेगळं. बऱ्याच दिवसांनी उलगडा झाला. खेळाडू रेषेबाहेर गेला किंवा गोलरेषा ओलांडून टचडाउन करून आला, तर ती खेप बाबा भागाकारात धरतच नसत.

“बाबा, तीपण कॅरी काउंट होते.”

“का? पाडलं का कोणी त्याला? मग नाबाद आहे तो.”

गोलरेषेजवळचा शेवटचा यार्ड काढायला म्हाताऱ्यालाच पाठवायचे, त्यामुळे बाबांच्या हिशेबात तो तरुणाच्याही वर असायचा. मला हसू आवरायचं नाही.

त्या हिवाळ्यात बाबांचं पुण्याला काकांकडे परत जायचं घाटत होतं. जावं की राहावं, ठरत नव्हतं. त्यांनी राहावं असं मला फार वाटत होतं, पण आमच्या घरात असलं बोलून दाखवायची पद्धत नाही. त्यांना कळतच असेल, असं मी धरून चालले होते.

सीझन संपला आणि संघाने म्हाताऱ्याला सोडलं.

“ठेवायला हवा होता, नाही का गं?” बाबांनी चहा ढवळत विचारलं.

“नाही हो बाबा. ॲव्हरेज बघा ना त्याचं. नुसती जागा अडवून बसला असता.”

“खरंय,” ते म्हणाले आणि कप विसळून ठेवला. पुढच्याच आठवड्यात त्यांनी काकांना येतोय म्हणून कळवलं.

ते खेळाडूबद्दलच विचारत होते की स्वतःबद्दल, हे विचारायचा धीर मला अजून झालेला नाही. त्या एका वाक्याची खंत मात्र जात नाही. बूंद से गयी सो हौद से नहीं आती, असं आई म्हणायची.

आता सोमवारी फोन होतो. मी तरुणाचे आकडे वाचून दाखवते. बाबा विचारतात, “आणि नाबाद किती वेळा?” तो रकाना कुठल्याच साइटवर नसतो. म्हणून मी एकटी बसून प्रत्येक खेप डोळ्यांनी बघते आणि भागाकार त्यांच्या पद्धतीने करते.

“तुमच्या हिशेबाने इम्प्रूव्ह झालाय तो, बाबा.”

“मग ठेवतील त्याला,” बाबा म्हणतात.