आधी भाकर, मग कुऱ्हाड

गाव सोडलं त्या सकाळी भूमच्या स्टँडवर माझ्या शर्टाची डावी बाही कोपरापर्यंत लाल होती. रक्त माझं नव्हतं. आदल्या दिवशी चुलतभाऊ नवनाथनं टिकावाच्या दांड्यानं आमच्या सुग्रीवदादाचं डोकं फोडलं होतं, आणि जीपमधून दवाखान्यात जाईपर्यंत ते डोकं मी हातावर धरून होतो. दुसरा शर्ट त्याच्या जखमेला बांधला होता, म्हणून अंगावर तोच राहिला. आप्पा, म्हणजे वडील, बाकड्यावर बसले नाहीत. पुण्याची गाडी लागली तशी पिशवी माझ्या छातीवर दाबली न म्हणाले, "दोघंबी हितं राहिलात तर एक तुरुंगात जाईल, एक सरणावर. माझ्याकडं दोनच हैत. जा."

लोक पोटासाठी गाव सोडतात. मला जिवंत राहावं म्हणून पाठवलं. गावात राहिलेल्यांनो आणि माझ्यासारखं निघून आलेल्यांनो, हे तुम्हा दोघांनाही सांगावंसं वाटतं, कारण आपल्यापैकी पुष्कळांच्या घरात असलं एक भांडण आहे आणि ते मिटवण्याची आपली रीत चुकीची आहे.

आमचं भांडण विहिरीचं. आजोबांनी खणलेली एक विहीर, तिच्यावर एक मोटर आणि दोन घरं. पाणी आलटूनपालटून घ्यायचं. पण लाईट कधी येईल न कधी जाईल याचा नेम नाही, त्यामुळं कुणाची पाळी पुरी झाली आणि कुणाची बुडाली, यावर कधीच एकमत व्हायचं नाही. त्यावरून काकाचा, म्हणजे नवनाथच्या बापाचा, एक कान कायमचा गेला. त्याच्या बदल्यात त्यांनी आमच्या बैलाचा मागचा पाय कुऱ्हाडीनं तोडला. तो बैल गोठ्यात ओरडत राहिला आणि मरायला त्याला दोन दिवस लागले. ते ऐकत आम्ही जेवलो नाही, झोपलो नाही, फक्त आता कुणाला कुठं गाठायचं तेवढं बोललो.

प्रत्येक मारामारीनंतर गावातली जाणती माणसं दोन्ही घरच्या गड्यांना खंडोबाच्या देवळात न्यायची आणि बेलभंडारा उचलायला लावायची. हातात बेलाचं पान न हळद घेऊन सगळ्यांनी म्हणायचं, या जन्मात भावावर हात उचलणार नाही. म्हणताना माणसं खरोखर रडायची. माझ्या देखत अशी शपथ तीनदा झाली आणि तीनदा मोडली. माझा स्वभाव मोजून बघण्याचा आहे, म्हणून एक गोष्ट ध्यानात आली. शपथेआधीच्या मारामारीत दगड असायचे. शपथ मोडल्यानंतरच्या मारामारीत लोखंड आलं. जन्माची शपथ एका धक्काबुक्कीनंही मोडतेच. ती एकदा मोडली की माणूस म्हणतो, पाप तर लागलंच, आता कशाला मागं राहायचं? दादाचं डोकं फुटलं ते तिसऱ्या शपथेनंतर.

आमची माय देवळात जायची नाही. डोकं फुटलं त्या दिवशी आप्पा न दादा मारामारीला निघाले तेव्हा ती भाकरीची परात घेऊन दारात उभी राहिली. अडवायला नव्हे. "जायचं तर जावा. म्या आडवी येत न्हाय. भाकर खाऊन जावा," एवढंच म्हणाली. आप्पांनी परात उडवली. भाकरी उंबऱ्याबाहेर पडल्या न त्यांवरून दोघं चालत गेले. मला तेव्हा मायचा राग आला होता. घरात खून चढलाय आणि ही जेवणाचं काय काढते, असं वाटलं.

चाकणला एका कारखान्यात मी तपासणीला लागलो. लाइनवरून आलेला भाग हातात घ्यायचा, माप घ्यायचं, पास की फेल ते सांगायचं. पहिल्याच आठवड्यात साहेबांनी ड्रॉइंग दाखवलं. त्यात प्रत्येक मापाशेजारी अधिक-उणे लिहिलेलं असतं, किती फरक चालेल ते; त्याला टॉलरन्स म्हणतात. मी विचारलं, बरोब्बर माप का नाही मागायचं? साहेब हसले. बरोब्बर माप मागितलं तर सगळा माल भंगारात जाईल, म्हणाले. कॉट बेसिसच्या खोलीवर पडल्यापडल्या मी त्यावर बराच विचार केला. आमच्या शपथेला टॉलरन्स नव्हता. म्हणून आमचा सगळा माल भंगारात जात होता.

मग मायचं बोलणं नीट कळलं. तिनं आमच्याकडून चांगलं वागण्याचा शब्द मागितला नव्हता. आमच्याच्यानं होईल तेवढंच मागितलं होतं. मी तेच धरलं. राग येऊ देणार नाही, असं ठरवलं नाही. हात उचलणार नाही, असंही नाही. ठरवलं इतकंच, की राग आला तर आधी जेवायचं आणि मग काय करायचं ते करायचं. कंत्राटदाराच्या माणसानं एकदा सगळ्या शिफ्टसमोर माझी कॉलर धरून मला भिंतीवर आपटलं. जवळच लोखंडी पाना पडला होता आणि त्याची कवटी कुठं नरम आहे हे मला दिसत होतं. मी कॅन्टीनमध्ये गेलो. एकामागून एक चार पोळ्या खाल्ल्या. राग गेला नव्हता. पाना मात्र नको वाटला.

कधी चुकलं नाही असं नाही. पण एकदा चुकलं म्हणून हे मोडीत निघत नाही, दुसऱ्या वेळी पुन्हा जेवता येतं. माझी बायको सुनंदा परांड्याकडची, तिला सगळं माहीत आहे. महागाईच्या दिवसांत तुमचा राग परवडत नाही, पीठ महिना भरायच्या आधीच संपतं, असं ती पाहुण्यांपुढंही म्हणते.

आप्पा गेले तरी विहीर राहिली. दोन वर्षांमागं भर उन्हाळ्यात दुपारी वहिनीचा फोन आला. नवनाथनं आमच्या पाळीत केबल तोडून मोटर विहिरीत ढकलली होती. "भाऊजी, ह्यांनी कुऱ्हाड घेतलीया. आज त्याला तोडणारच म्हणतेत." तिनं फोन दादाच्या कानाला लावला. त्याचा श्वास ऐकू येत होता. पन्नाशी ओलांडलेला माणूस, पण श्वास बैलासारखा.

मी चाकणमध्ये होतो. मध्ये सगळा पुणे-सोलापूर रस्ता. शपथ घाल, पोरींची आण घाल, असं वहिनी मागून सांगत होती. मी घातली नाही.

"दादा, जेवलास का?"

त्यानं मला शिवी दिली, मग माझ्या जेवणाला दिली.

"जा की," मी म्हणालो. "म्या कुठं नको म्हणलंय? पण उपाशी जाऊ नको. आत घातल्यावर सांजच्यापोतर कुणी पाणीबी इचारत न्हाय."

मग तो वहिनीवर खेकसला, "वाढ." फोन चालूच राहिला. मुठीनं कांदा फोडल्याचा आवाज आला. दादा कुऱ्हाड मांडीवर आडवी ठेवून जेवत होता, हे वहिनीनं मागाहून सांगितलं. दोन भाकरी खाल्ल्या, तांब्याभर पाणी प्याला, न कुऱ्हाड घेऊन उठला. तो घरी थांबला असता तर सांगायला गोष्ट बरी झाली असती. तो गेला.

नवनाथच्या दारावर त्यानं कुऱ्हाडीचे घाव घातले. फळी फुटली. नवनाथ आतून विळा घेऊन आला आणि पहिल्याच वारात दादाच्या डाव्या हाताची दोन बोटं पेरापासून तुटून उंबऱ्यात पडली. नवनाथ वार करताना तोल जाऊन खाली बसला होता. कुऱ्हाड दादाच्या उजव्या हातात होती आणि खाली नवनाथची मान उघडी होती. बघणाऱ्यांनी डोळे मिटले. दादानं कुऱ्हाड बाजूच्या शेणाच्या ढिगात मारली, ती दांड्यापर्यंत रुतली. मग तुटल्या बोटांचा हात काखेत धरून तो स्वतः चालत रस्त्यावर आला.

का सोडलंस, असं मी त्याला दवाखान्यात विचारलं. "पोट भरल्यालं व्हतं," तो म्हणाला. "सुस्ती आली." दुसरं काही कारण त्यानं आजवर सांगितलेलं नाही.

दोन्हीकडून फिर्यादी झाल्या. तारखेला मी भूमला जातो. पहिल्याच तारखेला वकिलानं नवनाथची फिर्याद वाचून दाखवली. हल्ला करणाऱ्यांत पहिलं नाव दादाचं आणि दुसरं माझं, हातात काठी घेऊन. त्या दुपारी मी चाकणला शिफ्टवर होतो, हजेरीच्या मशीनवर माझी नोंद आहे. चौकशीत ते सिद्ध होऊन माझं नाव निघेल, वकील म्हणाले. कोर्टाच्या व्हरांड्यात नवनाथ एकटा उभा होता. गाव सोडल्यापासून मी त्याच्याशी बोललो नव्हतो. तरी जवळ जाऊन विचारलं, की मी तिथं नव्हतोच हे तुला ठाऊक आहे, मग माझं नाव का घातलंस?

त्यानं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. "घरातलं सगळं गडी लिहितेत," तो म्हणाला. "तुला वगळला असता तर गाव म्हणलं असतं, दत्ता परका झाला."

चाकणला माझा फ्लॅट आहे, रेशनकार्ड आहे, मतदान आहे. मुलांना विहिरीचा वाटा नको. तरी त्या दिवशी वकिलाला मी सांगितलं, नाव काढायची घाई करू नका. सुनंदा मला वेडा म्हणते. तिचं बरोबर असेल. पण घर कुठं, असं आता कुणी विचारलं तर माझ्या डोळ्यांपुढं फ्लॅट येत नाही. जिथं माझ्या हातात नसलेली काठीसुद्धा हिशेबात धरतात, ती जागा येते.