रविवारचं विमान

विमानतळाच्या रस्त्यावरच्या त्या हॉटेलात बाबांनी शेजारीशेजारी दोन खोल्या घेतल्या होत्या, बुधवार ते रविवार. एक त्यांना आणि आईला, एक मला. मी अमेरिकेतून तीन आठवड्यांच्या रजेवर आलेला, रविवारी दुपारच्या विमानाने दिल्लीला आणि तिथून पुढे परत जाणारा, आणि त्याआधी पुण्यातल्या मुली बघून माझं लग्न ठरवायचं, असा सगळा बेत होता. यातलं मुली बघणं तेवढं खरं होतं. रजा नव्हती, विमान नव्हतं, आणि माझ्यापुरती अमेरिकाही संपली होती.

मंदीचं वर्ष होतं. एका सकाळी आमच्या प्रोजेक्टवरच्या सगळ्यांना एका खोलीत बोलावलं आणि दुपारपर्यंत आमची टेबलं रिकामी झाली. व्हिसा नोकरीला बांधलेला, त्यामुळे नोकरी गेली की तिथला मुक्कामही संपला. मी दोन मोठ्या बॅगा भरून वऱ्हाडात आमच्या गावी आलो तेव्हा स्टेशनवर बाबा चार मित्रांना घेऊन उभे होते. आमच्या तालुक्यातून तोवर अमेरिकेला गेलेले दोघंच, एक डॉक्टर आणि एक मी. त्या चौघांसमोर सांगणं जमलं नाही. रात्री जेवताना जमलं नाही, दुसऱ्या दिवशी जमलं नाही. आणि मग तीन आठवड्यांत पुण्यात नोकरी मिळेल, मिळाली की 'कंपनीनेच इकडे पाठवलं' असं सांगू, अशी मी स्वतःची समजूत घालून घेतली. बुधवारी हॉटेलात शिरलो तेव्हा त्यातले दोन आठवडे उलटून गेले होते आणि नोकरीचा पत्ता नव्हता.

हडपसरला आमचे नातेवाईक होते, पण त्यांची जागा एका खोलीची. तिथे मुलीकडची माणसं बोलवायला बाबांना कमीपणा वाटत होता. त्यांनी गावातल्या नेट कॅफेत बसून हे हॉटेल शोधलं. मुलगा विमानाने जाणार, तर मुलाचं बिऱ्हाड विमानतळाजवळ असलेलं बरं, मुलीकडच्यांनाही नीट समजतं, असं त्यांचं म्हणणं. ते एका साखळीतलं हॉटेल होतं; त्या साखळीची हॉटेलं तेव्हा शहराशहरांतून नुकतीच निघत होती आणि म्हणे सगळीकडे खोली अगदी सारखी. पलंग, भिंतीला चिकटवलेली फळी, भिंतीवर टीव्ही, आणि कायमची बंद केलेली काचेची खिडकी. खिडकीतून समोरच्या इमारतीच्या पाण्याच्या टाक्या दिसायच्या. विमानं दिसायची नाहीत, नुसती ऐकू यायची.

बाबा बांधकाम खात्यात ओव्हरसीअर होते. निवृत्त झाले तरी हात गप्प बसत नसे. खोलीत पाऊल टाकल्या टाकल्या त्यांनी दोन खोल्यांमधल्या भिंतीवर बोटाच्या पेराने ठोकून पाहिलं.

"पोकळ हाय," ते म्हणाले. "अंदर काहीच नाही. प्लायवूडची पाटी ठोकून दिली बुवा."

ते बरोबर होतं. त्या भिंतीतून मला त्यांचं सगळं बोलणं ऐकू यायचं. पोरगा किती वाळला, असं आई म्हणायची. तिकडं कामाचा ताण असते, असं बाबा समजावायचे. मग मुलीचं स्थळ मोठ्याने वाचून दाखवायचे. आणि मला त्यांचं ऐकू येतं म्हणजे त्यांनाही माझं येणार, हे लक्षात आल्यावर माझी झोपच उडाली. नोकरीचे फोन मला त्याच दिवसांत येणार होते. मी ते न्हाणीघरात जाऊन, नळ सोडून घ्यायला लागलो. एका कंपनीतल्या बाईंनी विचारलं, "सर, तुमच्याकडे पाऊस पडतोय का?" मार्च महिना होता. मी हो म्हणालो. त्या कंपनीचा पुन्हा फोन आला नाही.

खोलीच्या दाराचं कार्ड आतल्या खाचेत ठेवलं तरच दिवे लागायचे. कार्ड घेऊन बाहेर पडलं की आत राहिलेला माणूस अंधारात. बाबांनी पहिल्याच दिवशी शोध लावला की खाचेत कुठलंही कार्ड चालतं.

"तुझं ऑफिसचं कार्ड दे," ते म्हणाले. "ते लावून ठेवू. आल्यागेल्याले दिसन."

"ते तिकडंच राह्यलं," मी म्हणालो.

"असं कसं राह्यलं? आता परत जाशील तर अंदर कसा शिरशील?"

मी म्हटलं, दारावरचा माणूस ओळखतो मला. मग त्यांनी तहसील कचेरीतून काढलेलं आपलं ज्येष्ठ नागरिकाचं ओळखपत्र खाचेत सारलं. दिवे लागले, ते खूश झाले. मी चप्पल घालून खाली जाऊन आलो, पण खालीही जाण्यासारखं काही नव्हतं. समोर रस्ता, रस्त्यावर प्रवासी उतरवणाऱ्या रिक्षा. प्रत्येक माणूस कुठेतरी निघालेला होता आणि मला त्यांचा राग येत होता.

गुरुवारी दोन मुली बघून झाल्या. दोघींनाही मी आवडलो नाही हे त्यांच्या तोंडावर दिसलं, आणि मला हायसं वाटलं. आईचं मात्र तोंड उतरलं. तिने घरून डबाभर चिवडा आणला होता. 'बाहेरचे खाद्यपदार्थ आणू नयेत' अशा पाटीखाली बसून ती हॉटेलच्याच बशांतून तो मुलीकडच्यांना देत होती. तिला कुणी काही बोललं नाही. तिला बोलायला धीर पाहिजे.

शुक्रवारी दुपारी सदाशिव पेठेतली मुलगी आली, आईवडिलांबरोबर. तिचे वडील बँकेतून निवृत्त झालेले, पांढरा बुशशर्ट, बोलणं तोलूनमापून. बसता बसताच म्हणाले, "मुलीला घेऊन मुलाच्या मुक्कामी जायची आमच्याकडे पद्धत नाही. पण विमानतळ काही घरी आणता येत नाही." बाबांना हा विनोद वाटला, ते हसले. मला तो विनोद नाही हे कळलं. पत्रिका आधीच जुळली होती, अठ्ठावीस गुण, तेव्हा बोलणी भराभर पुढे गेली आणि आम्हाला दोघांना नाश्त्याच्या दालनात बोलायला पाठवलं.

दुपारची वेळ, दालन रिकामं. ती हडपसरला एका सॉफ्टवेअर कंपनीत होती. तिने आवडीनिवडी वगैरे काही विचारलं नाही. मी कशावर काम करतो ते विचारलं, मी गेल्या वर्षीचं काम सांगितलं. तिने दोन प्रश्न विचारले, दोन्ही नेमके. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच कुणीतरी माझ्याशी माझ्या कामाबद्दल बोलत होतं, आणि मी त्या पाच मिनिटांत खरोखर रंगलो. मला ती आवडली. हे इथे सांगायला हवं, कारण त्यानेच पुढचं सगळं अवघड झालं.

मग ती म्हणाली, "एक सांगू का? रागावू नका. आज रात्रीपर्यंत मला तुमच्या ऑफिसच्या आयडीवरून एक मेल टाका. नुसतं 'हॅलो' लिहिलंत तरी चालेल."

मी टेबलावरचा रिकामा कप सरळ केला.

"आमच्या ऑफिसात हल्ली सगळ्याच मुली असं करतात," ती म्हणाली. "एकीच्या नवऱ्याची नोकरी साखरपुड्याच्या आधीच गेलेली होती. तिला लग्नानंतर कळलं. बायोडाटा कुणीही छापू शकतो, कंपनीची मेल नाही पाठवता येत."

"बरोबर आहे," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार? तिचं खरोखर बरोबर होतं.

वर आलो तर तिच्या वडिलांनी तीच गोष्ट बाबांना सांगून ठेवलेली. बाबांना राग येईल, अपमान वाटेल, तिथेच मोडेल, अशी मला आशा होती. पण त्यांनी उलट मांडीवर थाप मारली. "तपासणी केलीच पायजे! मी बत्तीस वर्षं तेच केलं. माल पाह्यल्याशिवाय सही नाही केली कधी."

ती मंडळी गेली आणि बाबा माझ्या खोलीत येऊन पलंगावर बसले. मी फळीवर लॅपटॉप उघडून बसलो, माझा स्वतःचा. कंपनीचा तर कंपनीने कधीच काढून घेतला होता.

"पाठवली?"

"सर्व्हर बंद हाय, बाबा."

"किती वेळ बंद राह्यते?"

"सांगता येत नाही."

"एवढी मोठी कंपनी अन् सर्व्हर बंद! लावून पाह पुन्हा."

मी पुन्हा लावून पाहिल्यासारखं केलं. पाठीमागे ते बसलेले, समोर पडद्यावर माझं तोंड दिसत होतं. आई दारातून डोकावली, चहा घेता का म्हणाली, बाबा म्हणाले, मेल जाऊ दे आधी. खिडकी उघडता येत नव्हती. मी तेव्हा एकतीस वर्षांचा होतो, आणि शाळेत गृहपाठ न केलेला पोर जसा बाईंची नजर आपल्यावर येईपर्यंत वही चाळत बसतो, तसा मी बसलो होतो. अर्ध्या तासाने बाबांना बातम्यांची आठवण झाली, ते उठून गेले आणि भिंतीपलीकडे टीव्ही लागला.

तेवढ्यात मी तिला मेल लिहिली, माझ्या साध्या आयडीवरून. नोकरी महिन्याभरापूर्वी गेली, परत जाणार नाही, घरी माहीत नाही, तुमचा वेळ घेतला याची माफी मागतो. चार ओळी. पाठवली आणि आधी एकदम हलकं वाटलं. मग लक्षात आलं की उद्या तिच्या वडिलांचा फोन बाबांना येणार, आणि तो फोन येण्याआधी आपण सांगायला हवं. मी उठून त्यांच्या दारापर्यंत गेलो. आत बाबा आईला सांगत होते, "पोरगी हुशार हाय. आपल्या पोराले सांभाळून घेईन." मी परत आलो.

शनिवारी सकाळी तिचं उत्तर आलेलं होतं. "कळवल्याबद्दल आभार. आमच्या घरच्यांना मी पत्रिकेचं कारण सांगायला लावते. तुमच्या घरी काय सांगायचं ते तुम्ही बघा." सही नाही, शुभेच्छा नाहीत. मी ती मेल तीन वेळा वाचली. तिने मला वाचवलं होतं, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तासाभरात बाबांना फोन आला. पलीकडचं मला ऐकू आलं नाही, बाबांचं सगळं आलं. "अहो, अठ्ठावीस गुण होते! आता काऊन नाही जुळत?" मग भिंतीवर दोन ठोके पडले. ही मला बोलावण्याची त्यांची पद्धत झाली होती.

मी गेलो. आई पलंगावर चिवड्याचा डबा मांडीवर घेऊन बसली होती. बाबा फेऱ्या मारत होते, म्हणजे दोन पावलं इकडे आणि दोन तिकडे, तेवढीच जागा होती.

"पुण्याची माणसं!" ते म्हणाले. "नाही म्हणायचं होतं तर सरळ म्हणाव ना. जाऊ दे. अजून दोन स्थळं हाय, एक कोथरूडचं, एक हडपसरचं. तू उद्याचं विमान आठ दिवस पुढं ढकल. तिकीट दे, मी खाली काउंटरवर विचारून येतो."

त्यांनी हात पुढे केला.

"अरे राज्या, तिकीट दे ना."

"तिकीट नाही, बाबा," मी म्हणालो. आणि मग बाकीचंही सगळं बाहेर आलं. टेबलं कशी रिकामी झाली, व्हिसा कसा गेला, मेल का पाठवता आली नाही. बोलताना मी भिंतीकडे बघत होतो. सांगून संपलं तेव्हा वरून एक विमान गेलं.

बाबा खुर्चीत बसले. मला वाटलं होतं ते ओरडतील. ते हळू आवाजात म्हणाले, "मग उद्या तू कुठं जाणार होता?"

"तुम्ही मला विमानतळावर सोडलं असतं. दाराशी निरोप घेतला असता. तुमची रिक्षा स्टेशनकडे गेली की मी दुसऱ्या रिक्षाने हडपसरला. तिथं एक मित्र हाय."

"त्या दोन बॅगा घेऊन?"

"हो."

त्यांनी मान हलवली, काम कसं केलं ते समजून घेतल्यासारखी. त्यांना एवढंच विचारायचं होतं बहुतेक. ते आपल्या हातांकडे बघत बसले.

आई रडत नव्हती. डब्याचं झाकण लावत ती म्हणाली, "म्हंजे उद्यापासून मी रोज घड्याळ पाह्यलं असतं. आता तिकडं रात्र असन, पोरगा झोपला असन, उठवाव कसं, म्हणून फोन करायची थांबली असती. अन् तू इथं हडपसरात बसला असता."

बाबांना कसं तोंड दाखवायचं, गावाला काय सांगायचं, मुलीकडच्यांना कसं टाळायचं, याचा मी अडीच आठवडे विचार केला होता. आईच्या फोनचा विचार एकदाही केला नव्हता.